नखाच्या बुरशीवर लावायचं औषध: पहिल्यांदाच बाटली हातात घेणाऱ्यांसाठी

पहिली बाटली मी वाया घालवली. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख बाहेरच्या कोपऱ्यातून पिवळं पडत चाललं होतं. औषध आणलं, रोज रात्री नेलपॉलिशसारखं वरून फासलं, आणि तीन महिन्यांनी नख तसंच पिवळं दिसल्यावर ‘याने काही होत नाही’ म्हणून बाटली कपाटात मागे ढकलून दिली. औषधाची काही चूक नव्हती. जाड झालेल्या नखाला मी एकदाही कानस लावली नव्हती. शिवाय रोज बघत होतो ते नखाच्या टोकाकडे. बघायचं असतं मुळाकडे.

दुसऱ्या खेपेला नीट केलं. वर्षभराहून जास्त लागलं, पण नख आलं. त्या वर्षात जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो.

औषध करतं काय

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा मेलेला पत्रा. जिवंत भाग आहे तो मुळाशी, कातडीखाली, जिथून नख तयार होऊन पुढे सरकतं. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते, तो त्या मुळाचाच दिसणारा तुकडा. बुरशी बहुतेक वेळा टोकाकडून किंवा कडेने शिरते, नखाच्या खालच्या अंगाला केराटिन खात खात मागे सरकते. तिने पोखरलेला भाग पिवळा, जाड, ठिसूळ होतो, खाली भुगा साठतो, नख त्याच्या खालच्या कातडीपासून, म्हणजे गादीपासून, सुटतं.

हा पोखरलेला भाग कुठल्याही औषधाने पुन्हा नितळ होत नाही. मेलेला पत्रा बरा कसा होणार? औषधाचं काम एवढंच, की बुरशी मारायची किंवा अडवायची, म्हणजे मुळातून येणारं नवं नख तिच्या तावडीत सापडणार नाही. जुना खराब भाग पुढे ढकलला जातो आणि शेवटी नेलकटरने कापला जातो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं यायला बारा ते अठरा. उतारवयात किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्याहूनही जास्त. तीन महिन्यांत निकाल मागणारा माणूस, म्हणजे पहिल्या खेपेचा मी, जेमतेम साडेचार मिलिमीटर नख बघून निर्णय देत असतो.

पहिली पायरी: ही बुरशीच आहे ना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात महाग पडते तीच. जाड, पिवळं, वेडंवाकडं नख दिसलं की आपण बुरशी म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात अशा नखांपैकी निम्म्यांच्या आसपास नखांनाच बुरशी असते. घट्ट बुटाचा रोजचा मार, धावताना अंगठ्याला बसणाऱ्या ठोकरा, सोरायसिस आणि लायकेन प्लॅनस हे कातडीचे आजार, या सगळ्यांत नख जवळपास तसंच दिसू शकतं. हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, कोपर-गुडघ्यांवर खपल्या असतील, तर सोरायसिसचा विचार आधी. दोन्ही पायांची दहाही नखं एकदम आणि सारखीच बिघडली असतील तरी मी बुरशीवर पैज लावणार नाही. ती सहसा एकदोन नखांतून सुरू होते आणि नखानखांत कमीजास्त असते.

खात्री होते ती तपासणीने. डॉक्टर नख कापून, निरोगी नखाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं मागे जाऊन तिथला भुगा खरवडून घेतात. टोकाचा भुगा जुना असतो, त्यात जिवंत बुरशी सापडेलच असं नाही. तो नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, याला सगळे ‘केओएच’ म्हणतात. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघितली, तर तिची जातही कळते, पण त्याला काही आठवडे लागतात. सर्वांत जास्त वेळा सापडते ती ट्रायकोफायटॉन रुब्रम, चिखल्या आणि गजकर्ण करणाऱ्या कुळातली. तपासणी औषध सुरू करण्याआधीच करून घ्या. चार आठवडे औषध लावून मग नमुना दिला तर बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र तपासणीची वाट न बघता दाखवायची: नखात नव्याने उमटलेली काळी-तपकिरी उभी रेघ, रुंद होत जाणारी किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीत पसरलेली. मार बसून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, ही रेघ सरकत नाही. तो कर्करोगही असू शकतो.

नुसतं वरून लावून कुणाचं भागेल

नखाचा निम्म्याहून कमी भाग गेला असेल, चंद्रकोरीपर्यंत बुरशी पोचली नसेल, नख फार जाड नसेल आणि अशी नखं तीन-चारच असतील, तर लावायच्या औषधाला संधी द्यायला हरकत नाही. नखावर पांढरी पावडर बसल्यासारखे वरवरचे डाग असतील तर आणखी बरं, कारण तिथे बुरशी पृष्ठभागावरच असते आणि खरवडूनही बरीच निघते.

उलट मुळापर्यंत गेलेली बुरशी, पाच-सहा नखं, किंवा नखात मधोमध दिसणारा पिवळा-पांढरा घट्ट पट्टा असेल तर बाटली घेऊन बसण्यात अर्थ नाही. त्या पट्ट्यात बुरशीचा गोळा जमलेला असतो, औषध आत पोचतच नाही. तो भाग डॉक्टरांनी कापून किंवा ४० टक्के युरियाच्या मलमाने मऊ करून काढावा लागतो, आणि बऱ्याचदा पोटात गोळ्या घ्याव्या लागतात.

मधुमेह असेल, पायाची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर पुढची कानस-कात्रीची कामं स्वतः करू नका. पायाला झालेली बारीकशी जखमही अशा माणसाला महिनोन् महिने पुरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. लहान मुलांचंही तसंच.

कोणतं औषध

पहिला गैरसमज इथे काढून टाकतो. गजकर्णावर चालणारी क्लोट्रिमॅझोलसारखी क्रीमं नखावर चोळून उपयोग होत नाही. कातडीसाठी बनवलेली क्रीम नखाचा पत्रा भेदून खाली जात नाही. नखासाठी वेगळी बनवलेली औषधं असतात. एक प्रकार लॅकरचा, म्हणजे नेलपॉलिशसारखा वाळून थर धरणारा. दुसरा पातळ द्रावणाचा.

अमोरोल्फिन ५ टक्के हे लॅकर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावायचं. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के हेही लॅकरच, पण सहसा रोजचं. एफिनाकोनॅझोल १० टक्के आणि टॅव्हाबोरोल ५ टक्के ही द्रावणं, दोन्ही रोज एकदा, ४८ आठवडे. अमेरिकेत या दोन्हींना २०१४ साली मान्यता मिळाली. अमोरोल्फिन तिथे मिळत नाही, पण इतर अनेक देशांत ते सर्रास वापरतात.

यश किती? आकडे ऐकून नाउमेद होऊ नका, पण माहीत असू द्या. पायाच्या नखावरच्या मुख्य चाचण्यांत ‘पूर्ण बरं’ होण्याचं प्रमाण सायक्लोपिरॉक्सचं ५.५ ते ८.५ टक्के, टॅव्हाबोरोलचं ६.५ ते ९.१ टक्के आणि एफिनाकोनॅझोलचं १५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान आलं. मात्र पूर्ण बरं म्हणजे नख शंभर टक्के स्वच्छ आणि शिवाय केओएच व कल्चर दोन्ही कोरे. निकष कडक आहे आणि वेळ ४८ आठवड्यांचीच. त्याच एफिनाकोनॅझोलच्या चाचण्यांत नुसती बुरशी गेली का एवढंच बघितलं तर निम्म्याहून थोड्या जास्त जणांची गेली होती. म्हणजे बुरशी मेली, नखाची वाढ मागे राहिली. तुलनेला टर्बिनाफिनच्या गोळ्या: बारा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम, पूर्ण बरं होण्याचं प्रमाण ३८ टक्के. गोळ्या सरस आहेत यात वाद नाही, पण यकृताचा विचार करावा लागतो, रक्त तपासावं लागतं, इतर औषधांशी जुळतात का ते बघावं लागतं. थोडक्या बुरशीसाठी मला ते नको होतं म्हणून मी लॅकरचा धीमा रस्ता धरला. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

लावायची पद्धत

मी अमोरोल्फिन वापरलं, म्हणून तेच बारकाईने सांगतो. एक वार ठरवून घ्या. माझा रविवार होता.

आधी पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट. मग नेलकटरने नखाचा सुटलेला भाग कापा, जेवढा सहज निघेल तेवढाच. टोकदार काडीने नखाखाली खोल कोरत जाऊ नका. कोरलं की नख गादीपासून आणखी सुटतं आणि बुरशीला आयती वाट मिळते. हा मोह आवरणं खरोखर कठीण जातं, भुगा निघतोय म्हटल्यावर हात थांबत नाही.

आता कानस. खराब भागाचा पृष्ठभाग एकाच दिशेने घासत न्या, वरची गुळगुळीत चकाकी जाऊन नख खडबडीत आणि पातळ होईपर्यंत. खालची गुलाबी गादी दुखायला लागली किंवा गरम वाटलं की थांबा. निरोगी भाग आणि आजूबाजूची कातडी घासायची नाही. नखाची पांढरी पूड खाली कागद पसरून त्यावर पाडा आणि कागद गुंडाळून टाकून द्या. त्या पुडीत बुरशी असते. ही कानस निरोगी नखांना कधीही लावायची नाही. एकदाच वापरून टाकायच्या कागदी कानशी सगळ्यांत सोयीच्या.

नंतर अल्कोहोलच्या पट्टीने नख पुसा. यात मागच्या आठवड्याचा उरलेला थर आणि नखावरचा तेलकटपणा दोन्ही जातात. पुसल्यावर नख पांढरट, कोरडं दिसतं. तसं दिसलं म्हणजे जमलं.

मग औषध. चपटी काडी बाटलीत बुडवा, पण बाहेर काढताना बाटलीच्या तोंडाला पुसू नका. तोंडावर लॅकर वाळलं की झाकण चिकटतं, आणि मग पक्कड घेऊन बसावं लागतं. एका नखाला एकदा बुडवायचं. संपूर्ण नखावर पातळ, सारखा थर द्या, नुसत्या पिवळ्या डागावर नाही. पुढची कडही सोडू नका, आणि नख जिथे सुटलंय तिथे खालूनही थोडं पोचवा. तीन ते पाच मिनिटं पाय तसाच ठेवा. दुसऱ्या नखाकडे जाण्याआधी काडी अल्कोहोलने पुसा, नाहीतर एका नखाची बुरशी बाटलीत आणि बाटलीतून दुसऱ्यावर. झाकण लगेच घट्ट लावा. ही औषधं पेट घेतात, तेव्हा हे सगळं दिवा, शेगडी किंवा पेटत्या सिगारेटजवळ करायचं नाही.

सायक्लोपिरॉक्स असेल तर रात्री झोपताना लावा, म्हणजे पुढचे आठ तास पाय ओला होणार नाही. नखासोबत भोवतालच्या कातडीवरही सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत लावायचं असतं. रोज नवा थर जुन्यावरच द्यायचा आणि आठवड्यातून एकदा सगळे थर अल्कोहोलने काढून नख कापून-घासून पुन्हा पहिल्यापासून. काही बनावटींचं वेळापत्रक वेगळं असतं, काही पाण्याने निघून जातात, तेव्हा खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद फेकू नका.

द्रावणं सोपी आहेत. आंघोळीनंतर दहाएक मिनिटं थांबून नखावर, कडांना, बुडाशी आणि टोकाखाली पसरवायचं, वाळू द्यायचं, झालं. अल्कोहोलने पुसण्याची गरज नाही.

नखाभोवती थोडी चुरचुर, लाली चालते. फोड आले, सूज आली, पाणी सुटलं, तर औषध थांबवून दाखवा. औषध चालू असेपर्यंत रंगीत नेलपॉलिश आणि कृत्रिम नखं बाजूला राहू द्या. मनाला लागतं खरं, पण खाली काय चाललंय ते दिसायला हवं.

कातडी, मोजे, बूट

नखातली बुरशी बहुतेकदा पायाच्या कातडीतूनच आलेली असते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या किंवा तळव्याच्या कडेला पिठासारखा कोंडा असेल तर त्यावर त्याच वेळी क्रीम लावा. इथे मात्र साधं क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं क्रीम चालतं. खाज गेली म्हणून चार दिवसांत सोडायचं नाही. आणि स्टेरॉइड मिसळलेली ‘तीन-चार औषधं एकत्र’वाली मलमं वापरू नका. त्यांनी खाज लगेच थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते.

मोजे रोज बदला आणि कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. एकच बूट रोज घालू नका, एक दिवस वाळायला द्या. बुटाचं टोक अंगठ्याला टेकत असेल तर तो बूट सोडा. दाबाने सुटलेलं नख आणि बुरशी यांची जुनी मैत्री आहे. नेलकटर घरात सामायिक असेल तर आजपासून तुमचं वेगळं.

मोजायचं कसं

या कामात सगळ्यात जास्त धीर मला एका खुणेने दिला. जिथे पिवळा भाग संपून निरोगी नख सुरू होतं, त्या सीमेवर कानशीच्या कडेने नखावर अगदी हलकी आडवी रेघ ओढा. कापायचं नाही, फक्त ओरखडा. मग फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, त्याच खिडकीत, त्याच कोनातून पुन्हा फोटो.

रेघ नखाबरोबर पुढे सरकत जाईल. पिवळा भाग रेघेच्या पुढेच राहिला आणि मागे नितळ गुलाबी नख वाढत गेलं, म्हणजे औषध काम करतंय, नख टोकाला कितीही भिकार दिसत असलं तरी. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे आला तर बुरशी जिंकतेय. रेघ पुसट झाली की त्याच जागी पुन्हा ओढा. माझ्या चौथ्या महिन्याच्या फोटोत रेघेमागे सहा मिलिमीटर स्वच्छ नख होतं. आरशात किंवा नुसत्या डोळ्यांनी मला तोवर काहीच फरक जाणवला नव्हता.

पहिले तीन महिने निकाल मागू नका. साधारण सहा महिन्यांनी फोटो ओळीने मांडून बघा. सीमा जागची हलली नसेल किंवा मागे आली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तपासणी पुन्हा करा, गोळ्यांचा विषय काढा. त्यापुढे तीच बाटली रेटत राहणं हा हट्टीपणा. नखाभोवती लाल होऊन ठणकायला लागलं, पू झाला किंवा नख हिरवट-काळं पडलं तर तेवढंही थांबू नका, ते जिवाणूंचं काम असू शकतं.

व्हिनेगर, टी-ट्री तेल, छातीला चोळायचा बाम, लसूण याबद्दल सगळेच विचारतात. काहींवर छोटे अभ्यास झाले आहेत, पण भरवसा ठेवावा असं त्यातून काही निघालेलं नाही. तीव्र व्हिनेगरने आणि लसणाने कातडी भाजते ते वेगळंच.

थांबायचं कधी

शेवटचा पिवळा तुकडा कापला जाईपर्यंत आणि नख बुडापासून टोकापर्यंत स्वच्छ होईपर्यंत औषध चालू ठेवायचं. हाताला साधारण सहा महिने, पायाला नऊ ते बारा, अनेकदा जास्त. दोन मिलिमीटरचा कोपरा उरलाय म्हणून सोडलं तर तोच कोपरा पुढच्या पावसाळ्यात अर्धं नख खातो. जमलं तर शेवटी एकदा केओएच करून घ्या. आणि एक मनाची तयारी ठेवा: मार बसलेल्या जुन्या नखातून बुरशी गेली तरी नख पूर्वीसारखं सपाट येईलच असं नाही. माझ्याही नखाला डाव्या कडेला बारीक कंगोरा राहिला आहे.

बुरशी परतण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून जुन्या कानशी टाकून द्या, नेलकटर धुऊन अल्कोहोलने पुसा, त्या काळातले घामट बूट घालायचे थांबवा, आणि बेचक्यांत कोंडा दिसला की त्याच दिवशी क्रीम सुरू करा. उरलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. उघडल्यानंतर ती किती दिवस चालते तेही त्याच बारीक अक्षरांच्या कागदावर असतं.